सरोजानं खेळ का सोडला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि सांगायला हवं होतं ते ह्यांनाच. चार महिन्यांपूर्वी हे गेले. म्हणून आता तुम्हाला सांगते.

माझे यजमान बास्केटबॉलचे कोच. आम्ही निपाणीकडचे. बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यानं मुलींची टीम घडवायला ह्यांना पगारावर ठेवलं, आणि मी चौथी शिकलेली बाई क्वार्टर्समध्ये संसार मांडायला आले.

दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू? पहाटे मागच्या मैदानात शिट्टी वाजायची. चहाला उकळी येईपर्यंत बॉलची धपधप भिंतीतून ऐकू यायची. नवा डाव समजावायचा असला की हे माझा रांगोळीचा डबा उचलायचे आणि अंगणात गोल नि बाण काढत बसायचे. मी ओरडायची, "अहो, सणाची रांगोळी ती!" तर म्हणायचे, "जिंकलो की पोतंभर आणतो." जिंकले पुष्कळदा. आणली कधी नाही.

रविवारी सराव संपला की पोरी आमच्याकडे. बारा जणी, दारात बुटांचा ढीग, घामाचा वास. ह्यांचा नियम एकच — सगळ्यांनी एका परातीत खायचं. चिरमुरे, दाणे, कांदा, वर तिखट तेल. कुणी ताटली मागितली तर म्हणायचे, "हात आपटू देत एकमेकींवर. इथं आपटले की मैदानात चुकत नाहीत."

सरोजा त्या पोरींची कॅप्टन. उंच, काटक, आणि हसायला लागली की थांबायची नाही. "तिच्यासारखी खेळणारी मला पुन्हा मिळाली नाही," असं हे शेवटपर्यंत म्हणत. तिचा बाप त्याच कारखान्यात संडास साफ करायला होता.

आता कळलं असेल तुम्हाला. तरी मीच सांगते. तिचा हात आमच्या परातीत मला चालत नव्हता.

हे आंघोळीला गेले की मी तिचे चिरमुरे वाटीत काढून तिच्यापुढं ठेवायची. तिला वाटलं, लाड. पोरी चिडवायच्या, "अय्यो, कॅप्टनला स्पेशल!" ती हसून म्हणायची, "मलाच का जास्त, अक्का?" मीही हसायची. हसायची — काय बाई होते मी?

तिसऱ्या रविवारी, हे आंघोळीला असतानाच, तिनं वाटी सरळ परातीत उपडी केली. "सगळ्यांबरोबर खाते, अक्का," म्हणाली आणि हात घातला.

मी परात ओढून घेतली. चिरमुरे फरशीवर सांडले. तिनं आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साकु, अक्का," म्हणाली — पुरे झालं. बूट घातले आणि गेली. पोरींनी बघितलं होतं, पण कोचच्या बायकोची गोष्ट कोचला कोण सांगणार?

ती परात मी नंतर चिंच लावून घासली.

त्याच आठवड्यात फायनल होती. सरोजा खेळायला गेली, पण मैदानात नुसती उभी. बॉल मागायला हात वर करेना. ह्यांनी तिला बाहेर काढून बाकावर बसवलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "खेळायचं नसेल तर घरी बस जा!" ती घरी गेली. परत आली नाही.

हे दोनदा तिच्या घरी जाऊन आले. बाप हात जोडून उभा राहिला, ती बाहेर आली नाही. त्या दिवशी हे जेवले नाहीत. "मी मोडली पोर," म्हणाले. मी काय म्हटलं? "येईल दोन दिवसांनी."

त्यानंतर हे कुणावर ओरडले नाहीत. वीसेक वर्षं कोच होते, राज्याच्या टीमपर्यंत पोचले, पण आवाज चढवला नाही. चुकलेल्या पोरीसमोर उकिडवे बसून हळू बोलायचे. पेपरात त्याचं कौतुक छापून आलं. एचएसआर लेआउटमधले नवे कोच घरी येऊन विचारायचे, "सर, तुम्हाला राग कसा येत नाही?" हे म्हणायचे, "एकदा आला होता." मी चहाचे कप उचलून आत जायची.

आईनं असंच शिकवलं होतं म्हणू? हेही त्याच गल्लीत वाढलेले, ह्यांना तर सगळ्यांचा हात चालायचा.

दोन वर्षांपूर्वी जुन्या पोरींनी सर्जापूर रोडला हॉल घेऊन ह्यांचा सत्कार केला. होसकोट्याहून सरोजा आली. केस पांढरे, चष्मा. ह्यांनी माइकवर, सगळ्यांदेखत, तिची माफी मागितली. खाली उतरल्यावर ती ह्यांना म्हणाली, "सर, तुम्ही ओरडलात म्हणून मी खेळ सोडला नाही."

"मग कशानं सोडलास?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. वाट पाहत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला — तिनं जागा करून दिली होती. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "चला, जेवण गार होतंय."

रिक्षात हे म्हणाले, "मोठ्या मनाची पोर. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली." मी बाहेर बघत बसले.

पुढं पावणेदोन वर्षं रोज ह्यांच्यासमोर बसून जेवले. कुणी तोंड धरलं नव्हतं माझं. सरोजाला आपण घालवलं, असं समजून हे गेले. तिला घालवलं मी.