एका मोटेला एक वाक्य

घरी लेकराला जवळ घेऊन वाचता का हो, असं कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "वेळ कुठंय बाई?" असा राग येतो मला! माझा उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, ही सबब मला तोंडपाठ आहे. माझ्या बापाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, वर हातात दोन बैलांचे कासरे. तरी तो माझ्यासोबत पुस्तक वाचायचा. वेळ नाही म्हणे!

आमचं घर माळ्याचं, देऊळघाटच्या शिवारात. वांगी, मेथी, कांदे, मिरची. सगळी भाजी बुलडाण्याच्या बाजारात जायची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मळ्याला पाणी म्हणजे मोट. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीपासून एक उतरती वाट असते, तिला धाव म्हणायचं. बैल धावेवरून खाली उतरले की चामड्याची भरलेली मोट वर येते आणि भडाभडा रिकामी होते. तेवढा वेळ बैल खालच्या टोकाला उभे राहतात, मग मागं मागं सरकत पुन्हा विहिरीपाशी जातात. बा मोट हाकायचा, माय खाली वाफ्यांत पाणी वळवायची. मी धावेच्या खालच्या टोकाला, लिंबाखाली, शाळेत जायच्या आधी तासभर पुस्तक घेऊन बसायची.

मी तेव्हा दुसरीत होते. घरात चालायचं बाच्या थोरल्या भावाचं, म्हणजे मोठेबाबांचं. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पोट्टीले दुसरीपरेंत शिकवू. नाव लिहिता आलं, बस झालं. मंग निंदायले बसवू." त्यांच्यापुढं बा कधी तोंड उघडत नसे. मला मात्र शाळा सोडायची नव्हती.

एकदा मी धडा असा घडाघडा वाचत होते की विचारू नका. बानं बैल थांबवले.

"काय म्हनते थे?" त्यानं पुस्तकाकडं बोट दाखवलं.

मी तेच पुन्हा घडाघडा वाचून दाखवलं.

"मंग वाचते काऊन? भाजीचा लिलाव करून राह्यली का?"

मी फुगून बसले. पण त्या दिवसापासून नियमच झाला. बैल खाली आले की मी एक वाक्य वाचायचं, एकच. मग बा ते वाक्य मोठ्यांदा म्हणत बैलांना मागं न्यायचा, म्हणजे वाफ्यातल्या मायलाही ऐकू जायचं. पुढची मोट घेऊन खाली येईपर्यंत त्याचा विचार झालेला असायचा. "हा राजा येडा हाये का वं? एवढ्या थंडीत बिनघोंगडीचा निंगाला!" वाफ्यातून माय ओरडायची, "त्याच्या बायकोनं देली नसंल!" मी माझं काहीतरी म्हणायची. मग बा म्हणायचा, "मंग?" की पुढचं वाक्य.

खरं सांगते, शाळेत मी अक्षरं शिकले, पण वाचायला शिकले ती त्या धावेवर.

वर्ष सरत आलं आणि शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा अख्खा गाव शाळेपुढं जमा. साहेबांच्या जेवणाला भाजी आमच्या मळ्यातली, म्हणून भाजीची पाटी घेऊन बा आणि मोठेबाबा दोघंही दाराशी उभे. मोठेबाबा आदल्याच दिवशी म्हणाले होते, "साह्यबानं नापास केली तं लईच बेस. कोनाले सांगाचं काम नाई."

साहेबांनी मला उभं केलं आणि तिसरीचं कोरं पुस्तक कुठलंतरी पान उघडून हातात दिलं. मी वाचलं, "एका कुंभाराचे गाढव हरवले." आणि थांबले.

साहेब वाट पाहत राहिले. मीही वाट पाहत राहिले. मास्तरांनी डोळे वटारले. पुढचं वाक्य मला दिसत होतं, कळतही होतं, पण जीभ हलेना. सवयच तशी झाली होती. बैल मागं गेलेले, ते आल्याशिवाय पुढं कसं वाचायचं?

"पुढे वाच," साहेब म्हणाले.

"त्याने मडकी डोक्यावर घेतली आणि तो बाजाराला निघाला." पुन्हा गप्प.

"अडखळते मुलगी," साहेब मास्तरांना म्हणाले आणि त्यांनी टाक उचलला. माझे कान तापले. मेली माझी शाळा, एवढंच डोक्यात. दाराशी मोठेबाबांनी बाच्या खांद्यावर हात ठेवला, चल आता, अशा अर्थानं.

आणि दारातून आवाज आला, "मंग?"

"वाटेत त्याला खुरांचे ठसे दिसले," मी एका दमात वाचलं.

"मंग?"

"ते ठसे दोन गाढवांचे होते."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मास्तर बावर धावून गेले, "अरे, साहेबांपुढं काय हा गावंढळपणा!" बा पाटी खाली ठेवून हात जोडून आत आला. भावापुढं न बोलणारा माणूस साहेबापुढं बोलला. "साह्यब, थे अडखळत नाई. थे बैलाची वाट पाह्यते." आणि त्यानं मोटेचं सगळं सांगितलं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. "बरं, काय वाचलंस ते सांग."

धावेवर रोज हेच तर चालायचं! मला एकदम कंठ फुटला. "साहेब, कुंभार शहाणा आहे. गाढव गेलं म्हणून रडत बसला नाही, बाजाराला गेला. पण हे लिहिणाऱ्याचं काहीतरी चुकलं. डोक्यावर मडकी असली तर माणसाला पायाखालचं दिसत नाही. मग त्याला ठसे दिसले कसे?"

"मीबी थेच इचारनार व्हतो!" बा म्हणाला.

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. मला त्यांनी पास केलं. बाला विचारलं, "तुम्ही किती शिकलात?" बा म्हणाला, "म्या कायले शिकतो साह्यब, मी नुसता इचारतो."

घरी मोठेबाबांचं मात्र तेच. "पास झाली, चांगलं झालं. आता शाळा बंद." मी ओसरीत रडून रडून डोळे सुजवले. बा बैलांना वैरण टाकायला निघून गेला. मला त्याचाही राग आला. साहेबापुढं बोलता येतं आणि घरात काय होतं याला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बा मोट हाकत होता आणि मोठेबाबा धावेवर आले. उगाच बैलांच्या पाठी थोपटल्या. उगाच मोटेचा नाडा ओढून पाहिला. मग म्हणाले, "काऊन बे, थे दुसरं गाढव कोनाचं व्हतं?"

"मले काय मालूम, भाऊ? साह्यबानं पुस्तक मिटलं नं."

"कोन्त्या पुस्तकात हाये थे?"

"तिसरीच्या," बा म्हणाला आणि बैल मागं न्यायला लागला.

पुढच्या मोटेपर्यंत मोठेबाबा तिथंच उभे. मग खाकरून म्हणाले, "तिसरीत जाऊ दे तिले. पन थ्या गाढवापरेंतच."

पुस्तक त्यांनीच आणलं बुलडाण्याहून. तो धडा शेवटून दुसरा. ते म्हणाले, सरळ तोच वाच. बा म्हणाला, "मधातूनच वाचनं बरं नाई भाऊ. पयल्या धड्यापासून." तोवर पाऊस लागला, मोट बंद झाली. बा म्हणाला, "मोटेबिगर आपल्याले वाचता येत नाई." दिवाळीच्या सुमारास मोट सुरू झाली, रोज सकाळी तासभर, एका मोटेला एक वाक्य. आता "मंग?" म्हणायला मोठेबाबाही लिंबाखाली बसायला लागले. बाच्या आधी तेच म्हणायचे.

गाढवाचा धडा आला तेव्हा होळी तोंडावर होती. कुंभार दम खायला बसला, मडकी खाली ठेवली, तेव्हा त्याला ठसे दिसले होते. हे ऐकून माय वाफ्यातून म्हणाली, "आता बरोबर!" दुसरं गाढव परटाचं निघालं. "म्या तं पयलेच म्हनलं व्हतं," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. गाढव सापडलं होतं. आता शाळा संपली, हे मला माहीत होतं, बालाही माहीत होतं. मोट भडाभडा रिकामी झाली तरी बानं बैल मागं घेतले नाहीत.

"काऊन बे," मोठेबाबा जमिनीकडं पाहत म्हणाले, "चवथीचं पुस्तक याच्याऊन मोठं रायते का?"

"लई मोठं, भाऊ," बा म्हणाला.

मी पदरात तोंड लपवावं तसं पुस्तकात तोंड खुपसलं आणि रडले. बानं चौथीचं पुस्तक कधी पाहिलंही नव्हतं.