कानबाईच्या सोमवारी बंद केलेला भोंगा

श्रावणातला सोमवार, कानबाईच्या विसर्जनाचा दिवस. साक्री तालुक्यातलं, माझ्या ठाण्याच्या हद्दीतलं एक गाव. हजर: मी, त्या वेळी ठाण्याचा प्रभारी सहायक निरीक्षक, एक हवालदार, एक महिला शिपाई, जीपचा चालक, दोन होमगार्ड, गावचे पोलीस पाटील, आणि दुपारपर्यंत निम्मं गाव. हजर नव्हती ती साडेपाच वर्षांची एक मुलगी.

नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, दंगली पाहिल्या, खून पाहिले. त्यातलं बरंचसं आता विसरायला झालं आहे. हा एक दिवस मात्र वेळेसकट डोक्यात बसलेला आहे.

दहा चाळीसला पोलीस पाटलांचा फोन आला. मुलगी घरातून नाहीशी झाली होती. बेपत्ता व्यक्ती अल्पवयीन असली की अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, हा नियम. तो नोंदवला आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही गावात पोचलो.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कानबाई हा आमच्याकडचा, भाऊबंदांनी मिळून करायचा उत्सव. रविवारी नारळाच्या रूपात देवी बसते, रोट (नैवेद्याच्या जाड पोळ्या) होतात, रात्रभर गाणी होतात. सोमवारी देवी डोक्यावर घेऊन नदीकडे मिरवणूक निघते. पूर्वी डफ आणि संबळ असायचे. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे असतो. हरवलेल्या मुलीच्या घरीच कानबाई बसली होती. तिची आई घरची मोठी सून, त्यामुळे आरतीला तिनेच उभं राहायचं होतं.

मी नेहमीप्रमाणे खिशातली वही काढली. वय, उंची, रंग, कपडे (पिवळा फ्रॉक), खुणा (डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग), भाषा. भाषेपाशी अडलो.

"बोलत नाही," वडील म्हणाले.

"मुकी आहे?"

"मुकी नाही साहेब. ऐकू येतं. बोलत नाही फक्त."

आजी मध्येच म्हणाली, "तिले बाहेरनी बाधा शे. कानबाईसमोर डोकं टेकाडं का बठ्ठं नीट व्हई, असं मी कवयनी सांगी ऱ्हायनू." अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं, कवयनी म्हणजे केव्हाची.

मी लिहिलं: 'बोलत नाही. मतिमंद?' आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. आई दाराला टेकून उभी होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे मुलगी सकाळपासून मागच्या खोलीत धान्याच्या कोठीमागे बसली होती, आणि मिरवणुकीहून परत येऊन पाहिलं तर नव्हती. सांगताना ती रडली नाही. तेही मी लिहून ठेवलं.

मग शोधाचं नियोजन. नियोजनात माझा हात कुणी धरत नसे. गावाचे चार भाग, प्रत्येक भागाला दहा माणसं आणि एक जबाबदार. विहिरींची यादी. बसथांब्यावर एक होमगार्ड. शेजारच्या दोन ठाण्यांना बिनतारी संदेश. धुळ्याहून श्वानपथकाची मागणी. आणि सगळ्यात वर, अभिमानाने लिहिलेला मुद्दा: ध्वनिक्षेपकावरून पुकारा. जीपचा भोंगा लहान होता. मी नदीवरून परतणारा डीजेचा ट्रॅक्टर अडवला.

"गाणं नको. मुलीचं नाव घ्यायचं, आणि 'असशील तिथून बाहेर ये' म्हणायचं. शेतांमधून फिरायचं."

डीजेवाला पोरगा उत्साही होता. "साहेब, इको लावू का? लांबलोंग जाई."

"लाव."

पोलीस पाटील नाना माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, सकाळपासून ह्याच्या इकोनं माझी म्हैस दूध देईना."

मी हसलो. त्यात काही ऐकण्यासारखं आहे, असं मला वाटलं नाही.

पुढचा दीड तास त्या पोरीचं नाव सगळ्या शिवारात घुमत होतं. माणसंही ओरडत होती, पोरं थाळ्या वाजवत होती, मी शिट्टी मारत होतो. बाराला वीस मिनिटांचा जोरदार पाऊस झाला. कुणी थांबलं नाही.

एकच्या सुमारास खबर आली. एका म्हाताऱ्या बाबाने मला कडेला घेतलं आणि हळूच सांगितलं, "तिनी माय सकाळे मळाकडे गयती, विहीर शे तठे. संगे पोर व्हती. उनी ते एकलीच." म्हणजे परत आली ती एकटीच.

मी वही उघडली. आईचा जबाब: मुलगी सकाळपासून घरातच. म्हणजे ती खोटं बोलली होती.

पुढे जे केलं ते लिहायला आजही जड जातं. ते घर मारुतीच्या ओट्यासमोर होतं. ओट्यावर, चौकात चाळीसएक माणसं जमली होती. आई तिथेच बायकांमध्ये बसली होती. तिला बाजूला न्यायला मला दोन मिनिटं लागली असती. मी ती घेतली नाहीत. सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी मुलीला घेऊन विहिरीकडे कशाला गेली होतीस? कुठे टाकलंस तिला?"

 गर्दीतून एक बाई म्हणाली, "वैतागी गयथी ती. हाईच व्हनार व्हतं." कुणी तरी शिवी दिली. दोन तरुण पुढे सरकले. मी हवालदाराला मळ्यातल्या विहिरीत गळ टाकायला पाठवलं. पोहणारी दोन माणसं गेली, त्यांच्या मागे निम्मी गर्दी गेली.

महिला शिपाई माझ्याजवळ आली. नोकरीला तिला जेमतेम तीन वर्षं झालेली. "सर, मी बोलू का तिच्याशी? आत, शाळेच्या खोलीत. तुम्ही नका येऊ."

मी नाराजीनेच हो म्हणालो आणि दाराबाहेर उभा राहिलो. आतलं ऐकू येत होतं. शिपाईने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या कोणत्याच रकान्यात नव्हता. "वहिनी, ती हाक मारल्यावर येते का?"

 मग आईचा आवाज आला. "येस नही. हाक मारी का उलटी आत सरकस."

आणि मग ती सलग बोलली. घरात रात्रभर गाणी होती. मुलगी कान दाबून कोठीमागे घुसली होती आणि डोकं भिंतीवर आपटत होती. सकाळी दारात डीजे लागणार, आणि सासूबाई तिला ओढत देवीसमोर नेणार, हे आईला कळत होतं. म्हणून कुणाला न सांगता तिने मुलीला मळ्यात नेलं. तिथे घरची कांदाचाळ आहे. चाळीशेजारच्या निंबाखाली मुलीला रोटाचा तुकडा देऊन बसवलं. ती जागा तिच्या ओळखीची, रोज तासन्‌तास बसायची. आरती करायची आणि परत यायचं, अर्धा तास. पण मिरवणुकीने या वर्षी रस्ता बदलला. गावातला रस्ता खोदलेला, म्हणून ट्रॅक्टर मळ्याकडून नदीला गेला. आई धावत पोचली तेव्हा निंबाखाली कुणी नव्हतं.

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"देवीना दिन पोरले लपाडी ठेवं, असं बठ्ठासमोर कसं सांगू? आनि विहीर पन तठेच शे ना ताई. तिनं नाव काढाले मनं मन तयार नव्हतं."

बाहेर शेतातून पुकारा आला. तेच नाव, तीन-तीनदा घुमणारं. आई उठून दारात आली आणि पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलली. "साहेब, पहिले तो भोंगा बंद करा. तो वाजस तोलोंग ती येस नही."

तेव्हा मला कळलं. ज्या आवाजापासून मुलगी पळाली होती, तोच आवाज मी ट्रॅक्टरवर चढवून शिवारभर तिच्या मागे सोडला होता. वर तिचं नाव घेऊन.

एक पन्नासला डीजे बंद केला. जीप बंद. थाळ्या, शिट्ट्या बंद. गावाला गप्प बसवणं हे दंगल आवरण्याहून अवघड काम आहे. प्रत्येकजण "गप बसा रे" असं ओरडून सांगत होता. शेवटी नानांनी कानबाईची शपथ घातली तेव्हा शांत झालं. विहिरीवरची माणसंही हटवली. गळाला तोवर काही लागलं नव्हतं.

आई, शिपाई आणि मी, तिघंच चाळीकडे गेलो. कांदाचाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांचा लांबट पिंजरा. हवा खेळावी म्हणून जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, सिमेंटच्या खांबांवर उभा. आमची माणसं चाळीवरून किमान तीनदा गेली होती. वाकून कुणी पाहिलं नव्हतं. ओट्याइतक्या उंचीखाली कोण बघतो?

शिपाई एका खांबापाशी बसली. "सर, पाऊस किती वाजता थांबला?"

"बारा वीस."

"मग हे बघा."

खांबाच्या बुंध्याशी ओल्या मातीत कांद्याची वाळकी टरफलं उभी खोचलेली होती. अकरा. मोठ्यापासून लहानापर्यंत, एका रेषेत, सारख्या अंतरावर. पावसाआधीची असती तर त्या सरीने आडवी झाली असती. म्हणजे बारा वीसनंतर कुणी तरी इथे सावकाश बसून ती खोचली होती. मी इतक्या वर्षांत अनेक पुरावे पाहिले. इतका हायसं वाटायला लावणारा पाहिला नाही. मुलगी विहिरीत नव्हती.

चाळीखाली मधोमध, जिथे पट्ट्या कांद्याच्या वजनाने खाली वाकल्या होत्या, तिथे पिवळं काही तरी दिसलं. ती पालथी पडली होती. पाठ वरच्या पट्ट्यांना टेकलेली. मी सरपटत आत जायला निघालो. आईने हाताने अडवलं.

"तिले आंगवर वजन लागस. दबायेल ऱ्हायनी का बरं वाटस. वढशाल ते चाई." म्हणजे ओढलं तर चावेल.

तिने आम्हाला लांब बसवलं, तेही पाठ करून. मुलीला कुणी टक लावून पाहिलेलं चालत नाही. स्वतः खांबाला लागून बसली, चाळीकडे पाठ केली आणि काहीच केलं नाही. ना हाक, ना लाडीगोडी. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं. दहा. श्रावणातलं ऊन डोक्यावर, चाळीखाली साप असू शकतात हे डोक्यात. मला बसवेना. कडेने पाहिलं तर मुलगी हातभर पुढे सरकली होती.

आणि माझ्या कमरेचा वायरलेस खरखरला. श्वानपथक निघाल्याचा संदेश. मुलगी झटक्यात परत आत गेली. आईने मान वळवली नाही, पण तिचे खांदे पडलेले मला दिसले. मी वायरलेस बंद केला. ड्युटीवर असताना ते पहिल्यांदाच.

आणखी पस्तीस मिनिटं लागली. मग ती आली. आईच्या मिठीत वगैरे नाही. आईच्या पाठीला आपली पाठ लावली आणि जोर देऊन दाबत बसली. आईने तेवढाच जोर मागे दिला. दोघी कितीतरी वेळ तशाच होत्या. वेळ: दोन वाजून पंचावन्न मिनिटं. मी पंचनाम्यासाठी वही काढली आणि काय लिहावं ते सुचेना.

गावात परतल्यावर लोक म्हणाले, कानबाईनं वाचवली. तरीही कुजबूज राहिलीच: मग माय खोटं का बोलली? पोलिसांनी उगाच का विचारलं असेल?

पुढे धुळ्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी तपासून ऑटिझम सांगितला. त्यांनी पुष्कळ समजावलं. पण मला खरं समजलं ते आईच्या एका वाक्याने. ती म्हणाली होती, "साहेब, तुमले पाहिजे तो एकच आवाज ऐकू येस. तिले बठ्ठा येतस."

ते पडताळून पाहावं म्हणून एका दुपारी मी ठाण्यात पाच मिनिटं फक्त आवाजांची यादी केली. पंखा, त्याचं एक पातं घासतं ते वेगळं. वायरलेस. कोठडीतल्या माणसाचा खोकला. शाईचा शिक्का. ट्यूबलाइटची गुणगुण. माझ्या पट्ट्याचं कातडं. बाहेर कुकर, माशी, रिक्षा. सव्वीस झाले. हे सव्वीसही एकाच वेळी, सारख्याच मोठ्याने, आणि त्यात कुणी आपलं नाव ओरडतंय. मी असतो तर चाळीखाली गेलो असतो आणि बाहेर आलो नसतो.

हरवलेल्या मुलाबद्दल मी नंतर पहिला प्रश्न तोच विचारू लागलो, त्या शिपाईचा: हाक मारल्यावर येतं का? बोदवडकडे बदली झाल्यावर तिथल्या माणसांनाही सांगितला. एवढं शिकलो. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आता जळगावात असतो.

पण एक काम राहिलं आहे. घटनेनंतर आठवड्याने मी त्या घरी गेलो आणि आईची माफी मागितली. ती भाकरी टाकत होती. मुलगी कोठीमागे होती. भाकरी उलटून ती म्हणाली, "साहेब, इचारं चौकमा, आनि माफी चुल्हाजोडे?"

मी म्हणालो, पुढच्या कानबाईला येतो. ओट्यावर उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. पुढच्या वर्षी बंदोबस्त लागला. नंतर बदली. नंतर गुडघे. कारणांची यादी माझ्यापाशी व्यवस्थित आहे. मुलगी आता शाळेत जाते, असं नाना फोनवर सांगतात. गावात अजून काही बायका त्या आईला 'विहीरवाली' म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं.

जळगावहून ते गाव तीन-साडेतीन तासांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.