जीवरामची जीप पास झाली

धुळ्यात आरटीओच्या फाटकासमोर लिंबाखाली माझं टेबल आहे. बावीस वर्षं झाली, लोकांचे फॉर्म भरतो. लोक एजंट म्हणतात, म्हणू देत. इतक्या वर्षांत चोर पाहिले, चलाख पाहिले, पण जीवरामइतकं माझं डोकं कुणी खाल्लं नाही. तो चोर नव्हता आणि चलाखही नव्हता, हीच तर अडचण होती.

साक्रीच्या वर डोंगराकडच्या एका गावचा हा माणूस. वय बासष्ट, अंगात खाकी शर्ट, डोक्यावर टोपी. जीपमध्ये बसण्याआधी चपला काढून सीटखाली ठेवायचा आणि अनवाणी पायांनी गाडी चालवायचा. त्या अंगाला एसटी दिवसातून दोनदा जाते, तीही मनात आलं तर. बाकी वेळी साक्रीच्या बाजाराला जायचं असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, जीवरामची जीप. मागे समोरासमोर दोन लांब बाकं, बारा माणसं सहज बसायची. पाटी मात्र पांढरी, म्हणजे कागदावर खाजगी गाडी. त्या रस्त्यावर सगळेच असं चालवतात, त्यात नवल काही नाही.

मागल्या वर्षी जीपचं इंजिन बसलं. ब्लॉकलाच तडा गेला. पारोळा रोडवरचा नूर महंमद मिस्त्री म्हणाला, हे आता होणार नाही, दुसरं टाकावं लागेल. जळगावात एक जीप रीतसर भंगारात निघाली होती. तिचं इंजिन त्याने पावतीसकट आणलं आणि बसवलं. आता इंजिनाचा नंबर बदलला म्हणजे आरसी बुकातही बदलायला हवा. सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकायचा आणि गप्प बसायचं. खोटं कशाला बोलू, मीही तेच सुचवलं होतं. नूर महंमदने पान्हा खाली ठेवला आणि मला म्हणाला, हे काम माझ्या गॅरेजात होणार नाही, दुसरीकडे विचारा. जीवरामने त्याच्याकडे बघून मान डोलावली. मग काय, बसलो मी अर्ज खरडत.

परवानगीचं पत्र हातात पडायला पाच महिने लागले. तोवर गाडी दारात उभी आणि जीवराम घरात. गाडीचं वय झालेलं, तिचं फेरनोंदणीचं कामही याच तपासणीवर अडलेलं. पत्राच्या मुदतीत गाडी पास झाली नाही तर भंगार. तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून दोन ठिकाणी विचारून आला होता, वय ऐकून कुणी ठेवलं नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही कागदावर सही करता करता.

तारीख मिळाली ती मुदतीच्या शेवटच्या दिवसाची. आदल्या दिवशी मी त्याला फोनवर सगळं बजावलं. पावती आण, भंगाराचा दाखला आण, इंजिनाचा नंबर पुसून स्वच्छ कर. नूर महंमदनेही सांगितलं, वाटेत थांबू नको, इंजिन गरम राहिलं पाहिजे, म्हणजे धूर कमी निघेल. एक गोष्ट आम्ही दोघांनीही सांगितली नाही. ती कुणाला सांगावी लागेल असं वाटलंच नाही.

साडेदहाला जीप फाटकाशी येऊन थांबली. मागचं दार उघडलं आणि माणसं उतरू लागली. टोपलीवाल्या बाया, सरकारी दवाखान्याचा कागद हातात धरलेला एक म्हातारा, लेकराला कडेवर घेतलेली त्याची सून. बारा जणं. तपासणीचे साहेब तिथेच टपरीवर चहा पीत उभे होते. मी डोक्याला हात लावला. अरे बाबा, पाच महिने अर्ज केले ते काय यासाठी?

आधी धुराची तपासणी झाली. ॲक्सिलरेटर दाबून दाबून आकडा घेतात, तो पासष्टच्या आत हवा. अठ्ठेचाळीस आला. तपासणीसाठी मुद्दाम आलेला नूर महंमद हसला. भरल्या गाडीने वाटेतले चढ चढल्यामुळे सायलेन्सर साफ झाला, म्हणाला. साहेबांनी बॅटरीचा उजेड पाडून इंजिनाचा नंबर वाचला, पावतीशी ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, सकाळी उतरली ती माणसं कोण?

मी पटकन म्हणालो, नातेवाईक, साहेब. लग्नाच्या खरेदीला आले होते. आणि जीवरामकडे असे डोळे वटारले की दगडालाही कळावं.

"पाव्हना नहीत साहेब, सवारी शेतस," जीवराम म्हणाला. "रस्तावर उभ्या व्हत्या. त्यासले सोडीसन कसा येऊ?"

भाड्याची माणसं आहेत, हे थेट साहेबांच्या तोंडावर! असा संताप आला मला! साहेबांना गाडी जप्त करता आली असती, केली नाही. धूर पास, इंजिन पास, असं लिहिलं. मग म्हणाले, बाकं आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर काढायची. पुन्हा ही गाडी बाकांसह दिसली तर नोंदणी रद्द.

नूर महंमदने पान्हा दिला. बोल्ट गंजले होते, पण जीवरामने कुणाला हात लावू दिला नाही. तासभर लागला त्याला. दोन्ही बाकं आम्ही लिंबाखाली आणून ठेवली. साहेबांनी फोटो काढला आणि शिक्का मारला.

चार वाजता माणसं परत आली. दवाखाना, बाजार उरकून चारला फाटकाशी यायचं, असं त्याने त्यांना सकाळी सांगितलं होतं. जीपजवळ जाऊन त्यांनी आत डोकावून पाहिलं. लिंबाखाली बाकं दिसली तशी एकेक करून येऊन बसली, जीपमध्ये जशी बसायची तशीच, समोरासमोर, टोपल्या पायाशी घेऊन. म्हाताऱ्याने शेजारी सरकून सुनेला जागा करून दिली. गाडी सुटायची वाट बघत बारा जणं जमिनीवर ठेवलेल्या बाकांवर बसून राहिली. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

जीवराम त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. शिक्का मारलेला कागद त्याच्या हातात होता.

"माय, गाडी पास व्हयनी," तो म्हणाला. "तुम्ही यष्टीमा बठा."