वरची पळी

वडनेर भोलजीला तेल आणायला जायचं ठरलं ते अकोल्याला, आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या नळावर. नवं राज्य झाल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. शेजारच्या देशमुख वहिनींचं माहेर वडनेरचं. तिथला शेवटचा बैलघाणा बंद पडायच्या बेतात आहे, असं त्यांना माहेरच्या पत्रातून कळलं होतं. गावात गिरणीचं तेल स्वस्त मिळू लागलं आणि घाण्याचं गिऱ्हाईक तुटत गेलं. वहिनी घरोघर फिरल्या. अकरा घरांनी या महिन्याचं तेल तिथूनच घ्यायचं कबूल केलं, घरटी दोन किलो. किलोची सवय अजून कोणालाच नव्हती. मी नकाशे काढण्याचं शिक्षण घेतलेली, कचेरीत दिवसभर मोजमापच करते, म्हणून मला पाठवायचं ठरलं. "फक्त या महिन्यापुरतं ना?" असं मी दोनदा विचारून घेतलं. पुढचं पुढे बघू, असं उत्तर मिळालं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने निघाले. सोबत पंधरा किलोचे दोन रिकामे डबे, तागाची दोरी आणि चपातीचा डबा. कोणी जाणार असेल तर एक सांगते: डबे आदल्या दिवशी धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. पाण्याचा थेंब राहिला तर तेल खवट होतं. नांदुऱ्यापर्यंत तिसऱ्या वर्गात बसायला जागा मिळाली. स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग इतकी लांब होती की एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागली. थांब्याजवळ चहा बरा मिळतो, भजी गरम असतील तरच घ्यावीत.

एस.टी.त कंडक्टरने डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, या दोघायचं तिकीट काढा, नाई तं त्याइले मांडीवर घ्या." मी मांडीवर घेतले. वडनेर सहाएक मैल आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि वेचणी झालेल्या पऱ्हाटीत कुठे कुठे पांढरं बोंड उरलं होतं.

घाणा गावाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली. तो चालवतात सुभद्राबाई आणि त्यांचे सासरे, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात. सुभद्राबाई चाळिशीच्या असाव्यात. हात कोपरापर्यंत तेलकट, बोलणं थोडकं. आबाजी लाटेवर, म्हणजे बैलामागे फिरणाऱ्या लाकडावर, बसून बैल हाकतात. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधलेली. मी घड्याळ लावून पाहिलं: एका फेरीला अठरा सेकंद, आणि दहा फेऱ्यांत दोन सेकंदांचाही फरक नाही. तसं बोलून दाखवल्यावर आबाजी म्हणाले, की बैल मुकुंदा त्यांच्यापेक्षा शहाणा आहे, वेळेवर थांबतोही. मग त्याच सुरात त्यांनी सांगितलं, की पुढच्या बैलबाजारात मुकुंदाला विकायचं ठरलं आहे. घाण्यावरची दोन माणसं पोसली जातात, बैलाच्या वैरणीचा खर्च सुटत नाही. बैल गेला की घाणा गेला.

जेवायला बसवलं. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर ताजं शेंगदाण्याचं तेल. चव सांगायची तर ओल्या शेंगा भाजताना येतो तो वास जिभेवर आला. गिरणीच्या तेलाला हा वास नसतो.

मग तेल मोजायला घेतलं. आठवडाभर काढून निवळत ठेवलेलं तेल सुभद्राबाईंनी नव्या वजनांनी तोललं. मी काटा पाहत होते. बावीस किलो, चोख. त्यानंतर त्यांनी भिंतीवरची पितळी पळी काढली, तेलात बुडवली आणि डब्यावर धरली.

मला हिशेब लगेच कळला: तोललेल्या मापावर घरटी एक पळी वरून. अकरा घरांच्या अकरा पळ्या म्हणजे निदान अर्धा किलो फुकट. ज्यांचा बैल विकायला निघाला आहे त्यांच्याकडून ते घेणं मला बरोबर वाटेना. मी डब्यावर हात आडवा धरला. "राहू द्या. तोललंय तेवढं पुरे."

सुभद्राबाईंनी पळी मागे घेतली. तेल परत भांड्यात ओतलं. आबाजींनी बैल थांबवला.

"म्हंजे तुमी पुना येनार नाई," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी तुमचं नुकसान टाळत होते.

"बाई," आबाजी लाटेवरूनच बोलले, "वरची पळी घेतली तं गिऱ्हाईक बांधलं राह्यते. नाई घेतली तं तोडून चाल्लं. आमाले कसं समजाव मंग?"

आता पळी मागून घेणं सोपं होतं. पण ती घेणं म्हणजे अकरा घरांच्या वतीने शब्द देणं होतं, आणि तसा शब्द माझ्याजवळ नव्हता. मी मग म्हटलं, "एक पळी घाला. ती माझ्या घराची. बाकीच्या दहांचं मी विचारून कळवते."

"एका पळीवर बैल फिरत नाई," आबाजी म्हणाले. पण सुभद्राबाई हसल्या, दिवसभरात पहिल्यांदाच. त्यांनी पळी काठोकाठ भरून डब्यात ओतली. मी आबाजींना विचारलं, एक बाजार थांबता येईल का. ते मुकुंदाकडे पाहत म्हणाले, "एक बाजार. हाव."

परतीला नांदुऱ्याच्या हमालाने डबे गाडीत चढवून दिले. झाकणावर फडकं घालून दोरी बांधली होती, तेल सांडलं नाही.

अकोल्याला वाटप मीच केलं. घरटी दोन किलो, आणि तळाशी एक पळी उरली. देशमुख वहिनींनी पाहिलं. "अगं, घरटी वरची पळी दिली नाही त्यांनी? आमच्याकडे तसं होत नाही."

"देत होत्या. मी नको म्हटलं," मी सांगितलं, आणि सगळी हकिगतही.

"तू इंचपट्टीने मोजतेस गं माणसं," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून शेजारच्या दारात गेल्या. मीही बरोबर गेले. प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला: दर महिन्याला घ्याल का? वासामुळे निम्मं काम आधीच झालं होतं. तरी दोन घरांनी नाही म्हटलं. त्यांना गिरणीचं तेल परवडतं, आणि त्यांनी ते सरळ सांगितलं हे मला आवडलं. माझ्यासकट नऊ घरं उरली. त्याच संध्याकाळी वडनेरला कार्ड टाकलं.

उत्तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं, गावातल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. दोनच ओळी: "नऊ पळ्या समजल्या. मुकुंदा दावणीलेच हाय."

आता भाजीवाली जुडीवर चार काड्या जास्तीच्या ठेवते तेव्हा मी हात आडवा धरत नाही. मात्र घेण्याआधी, पुन्हा तिच्याकडेच यायचं आहे का, हे मनाशी ठरवून घेते.