ट्रॅक जवळ येत गेला

सेक्रेटरीच्या पायाला भिंगरी होती, हे त्याच्या बायकोचं मत, आणि ते चुकीचं नव्हतं. आठवडाभर शाळेची बस चालवणारा माणूस रविवारी तरी गादीला पाठ लावून पडेल, असं कुणालाही वाटेल. हा गडी रविवारी बायकोच्या आधी उठायचा, उभ्या उभ्याच चहा घशात ओतायचा आणि बाजारामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन डांबरावर खडूनं रेघा मारायला लागायचा. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींचा क्लब त्यानंच काढला होता. क्लबला अध्यक्ष नव्हता, खजिनदार नव्हता, सगळी उस्तवार करणारा सेक्रेटरी तेवढा होता, म्हणून तेच त्याचं नाव पडलं. मोठी माणसं खेळण्यांशी खेळतात म्हणून आधी लोक हसले. पण बुटाच्या खोक्याएवढी ती गाडी सरळ पट्ट्यावर सुटलेली ज्यानं एकदा पाहिली, तो पुढच्या रविवारी बायकोशी भांडून का होईना, स्वतःचा रिमोट घेऊन हजर व्हायचा.

क्लबचे नियम थोडे आणि कडक. चालकांनी फळ्यांच्या मचाणावर ओळीनं उभं राहायचं आणि तिथून गाड्या चालवायच्या. ज्यांची शर्यत आटोपली, त्यांनी पुढच्या शर्यतीला वळणावळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. या मंडळींना क्लबात 'उचले' म्हणत. नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी "आज तू उचल्या" असं सुनावून त्याचा चेहरा बघायचा, ही तिथली ठरलेली गंमत होती. जिंकलेला असो की हरलेला, उचलेगिरी कुणालाच चुकत नसे. सेक्रेटरीचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सलून चालवायचा आणि क्लबात सगळ्यात जास्त जिंकायचा. पण वळणावर तोही उन्हात उभा राहायचा आणि तिथूनच भावजींची टर उडवायचा.

ट्रॅक मात्र सेक्रेटरीच आखायचा. रबरी पाइपाचे तुकडे टाकून वळणं करायची, मचाणावर चढून बघायचं, उतरायचं, एखादा पाइप वीतभर सरकवायचा, पुन्हा चढायचं. त्या कामात त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. लोकांना तो हौशीपणा वाटे.

हौस वगैरे काही नव्हती. सेक्रेटरीला लांबचं दिसेनासं झालं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी, तो गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरनं सांगितलं, दोष डोळ्याच्या मागच्या पडद्यात आहे, चष्मा बदलून भागणार नाही, हे हळूहळू वाढणार. मग विचारलं, काम काय करता? सेक्रेटरी म्हणाला, दुकानात असतो. त्यानं घरी ताकास तूर लागू दिली नाही.

लायसन्सच्या तपासणीला अजून अवकाश होता. रस्ता पाठ होता. कुठल्या कोपऱ्यावर खड्डा, कुठल्या फाटकातून स्कूटर अचानक बाहेर येते, सगळं पाठ. तो बस हळू चालवायचा आणि शाळेतल्या बाई पालकांना सांगायच्या, "आमचे बसकाका फार जपून चालवतात." हे ऐकलं की तो उगाच बसची काच पुसायला लागायचा. प्रत्येक थांब्यावर पोरं उतरली की तो दोनदा आरशात बघायचा, तरी जीव भांड्यात पडायचा नाही. घरी आला की बसायचा नाही. नळाचा वायसर बदल, खिडकीची कडी घट्ट कर, चार्जर उघड, पुन्हा बंद कर. बायको म्हणायची, "अहो, तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते."

आणि ट्रॅक जवळ येत गेला. मचाणावरून लांबचं वळण धूसर दिसलं की पुढच्या रविवारी ते पाइप सेक्रेटरी थोडे अलीकडे ओढायचा. असं करत करत पार्किंगचा पलीकडचा अर्धा भाग रिकामा पडला, आणि हे इतकं हळू झालं की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं ते भलतंच. सेक्रेटरीची बायको स्टॉपवॉच घेऊन फेऱ्यांच्या वेळा ओरडून सांगायची, आणि त्या वेळा महिन्यामहिन्याला कमी होत चालल्या होत्या. मंडळी फुगली. आपण काय गाड्या पळवतो! मेहुण्यानं तर सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता बढाया मारल्या, आणि एवढ्यावर न थांबता तो शेजारच्या गावातल्या क्लबला आव्हान देऊन मोकळा झाला.

सेक्रेटरी घाबरला तो या आव्हानाला नाही. क्लबाक्लबांत एक रीत होती. यजमानांना घरच्या मैदानाचा फायदा मिळू नये म्हणून त्या दिवशीचा ट्रॅक पाहुण्यांनी आखायचा.

पुढचा आठवडा त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. आजारी पडावं का? गाडी बिघडली म्हणावं का? दोन्हीची तयारी केली आणि दोन्ही केलं नाही, कारण लोक काय झालं म्हणून विचारतील ही धास्ती त्याहून मोठी होती.

पाहुण्यांची कप्तान एक दातांची डॉक्टर होती, खणखणीत आवाजाची बाई. तिनं पार्किंगचा एक फेरफटका मारला आणि म्हणाली, "एवढी ऐसपैस जागा, आणि तुम्ही चाळीच्या जिन्याएवढी वापरता?"

"आमचे सेक्रेटरी काटकसरी आहेत," मेहुणा म्हणाला, आणि सगळे हसले.

तिच्या माणसांनी पाइप थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत नेले. सेक्रेटरी मचाणावर चढला. भिंत दिसली, भिंतीपाशी काहीतरी उभं आहे एवढं दिसलं. तो मेहुणा होता. त्याची शर्यत होऊन गेली होती आणि तो लांबच्या वळणावर उचल्या म्हणून उभा होता.

शर्यत सुटली. पहिली फेरी सेक्रेटरीनं अंदाजानं काढली. त्याची गाडी लाल. लांबच्या वळणावर ती धुक्यात शिरल्यासारखी नाहीशी झाली, त्यानं मनात मोजून रिमोटचं चाक वळवलं, आणि लाल ठिपका वळणातून बाहेर आला तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्यानं "आली रे आली!" म्हणाला. त्यानंतरची फेरी त्यानं झकास मारली. वळणं कशी लोण्यातून सुरी फिरावी तशी. कित्येक महिन्यांत हात असा चालला नव्हता. पलीकडून मेहुणा काहीतरी ओरडत होता. नेहमीची टर असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.

शेजारी उभा असलेला पाहुण्यांचा इलेक्ट्रिशियन त्याच्या रिमोटकडे बघत होता. शेवटी न राहवून तो म्हणाला, "काका, ती लाल माझी आहे."

मचाणावरचे सगळे हसले. सेक्रेटरी सगळ्यांत मोठ्यानं हसला. "वय झालं आता!" असं म्हणत त्यानं रिमोट खाली ठेवला आणि हात खिशात घातले. लांबच्या वळणावर मेहुणा त्याची गाडी हातात घेऊन उभा होता, आणि तो हसत नव्हता.

क्लब सपाटून हरला. पाहुणे गेले, मंडळी गेली, बायको स्टॉपवॉच पिशवीत टाकून घरी पुढे गेली. सेक्रेटरी पाइप गुंडाळू लागला तेव्हा मेहुणा न बोलावता मदतीला आला.

"भावजी, तुमची गाडी उलटली होती," मेहुणा म्हणाला. "मी सरळ करून सोडली, ती पुन्हा पाइपात घुसली. मग हातातच धरली. तिची चाकं माझ्या हातात वळत होती. त्या इलेक्ट्रिशियनची गाडी जिथं वळेल तिथं बरोबर वळत होती."

सेक्रेटरीनं पाइपाला उगाचच आणखी एक पीळ घातला.

"उद्यापासून पोरीला शाळेत मीच सोडीन," मेहुणा म्हणाला. "सलून जरा उशिरा उघडेन. ताईला मी काही बोलणार नाही."

"बरं," सेक्रेटरी म्हणाला.

मेहुण्याची मुलगी रोज त्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायची. मेहुणा गेला आणि सेक्रेटरीला सुटल्यासारखं वाटलं. माणूस तोंड बंद ठेवणार होता. घरापर्यंत ते बरं वाटणं टिकलं. घरी पोचल्यावर त्याचा संताप संताप झाला. काय माणूस आहे! आपली पोर तेवढी अलगद बाजूला काढली आणि बाकीच्यांच्या नावानं हात झटकले! बसमध्ये काय ती एकटीच असते? तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. खुर्ची सरकवली, परत सरकवली. बायको म्हणाली, "हरलात म्हणून एवढं काय? बसा की जरा." त्यानं फोन उचलला आणि मेहुण्याला लावला.

"तुला फक्त तुझी पोरगी दिसते का रे?" तो ओरडलाच. "बाकीची पोरं कुणाची आहेत?"

मेहुणा म्हणाला, "भावजी, मला आज कळलं. तुम्हाला?"

सेक्रेटरीनं फोन बंद केला. राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते त्याला सोसवेना. ती लाज होती. मेहुण्यानं एका दुपारी जे केलं, ते त्यानं रोज सकाळी किल्ली फिरवताना करायचं टाळलं होतं. त्यानं बसच्या मालकाला फोन लावला.

"उद्या दुसरा ड्रायव्हर बघा," तो म्हणाला.

"बरं नाही का? घ्या की दोन दिवस सुट्टी," मालक म्हणाला.

"दोन दिवसांचं काम नाही. मला लांबचं दिसत नाही. बस चालवण्याइतकं दिसत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पलीकडून शिव्या येतील, निदान ऑपरेशनबिपरेशनचा सल्ला येईल, असं सेक्रेटरीला वाटलं होतं. मालकानं हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

आठवडाभर, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला.

मालक पुढे काय बोलला ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला बसवर जाऊ दिलं नसतंस," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तिलाही कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली, आणि एवढ्या जवळून तिचा चेहरा त्याला अगदी स्वच्छ दिसत होता.