खांबावरची माती

तिला सगळे फौजदार म्हणायचे. खरं तर ती रोजगार हमीच्या कामावरची मुकादम. पण तळ्याच्या खोदकामावर ती पदर खोचून उभी राहिली की भल्याभल्यांच्या गप्पा बंद पडत. कोणी सावलीत जरा जास्त रेंगाळलं की हिचा आवाज आलाच, "काय, पाय खरंच भरून आले की सोंग आणलंय?"

काम मागितलं की ते द्यायचंच, अशी ही योजना. पण मागणं आणि मिळणं यांच्यामध्ये कचेरीचा व्हरांडा असतो, आणि त्या व्हरांड्यात माणसाचे दिवसच्या दिवस जातात. फौजदाराने बायकांना घेऊन तिथे ठिय्या दिला होता. कारकून 'उद्या या' म्हणाला की ती म्हणायची, "येतो की. पण आजचं उत्तर देऊन मग उद्याचं बोला." शेवटी कारकूनच कंटाळला आणि तळ्याचं काम निघालं.

मुकादम कोण व्हायचं हा प्रश्न आला तेव्हा तिच्या थोरल्या जावेने सगळ्यांसमोर तिला पुढे ढकललं. "आमची धाकटी होईल. तिला लिहिता-वाचता येतं, आणि तोंड तर देवाने दिलंच आहे."

थोरली तिला धाकटे म्हणूनच हाक मारायची. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून, रागात असो की लाडात, दुसरी हाकच नाही. कुदळ धरायलाही थोरलीनेच शिकवलेलं. "तिच्याशी भांडू नको, धाकटे. वर नेऊन नुसती सोड. माती तिच्या वजनानंच फुटते." थोरलीचे केस आता पांढरे झाले होते, पण तिचा खड्डा बघावा. कडा अशा सरळ, जणू सुरीने कापल्यात.

आता या कामाची एक रीत होती. प्रत्येकीला खड्डा आखून दिलेला असे. खणताना मधोमध मूळ जमिनीचा एक खांब तसाच उभा राखायचा, डोक्यावरच्या गवतासकट. जमीन आधी कुठवर होती हे तो खांब सांगतो. त्याच्या उंचीवरून खड्ड्याची खोली धरायची आणि खोलीवरून मजुरी. इंजिनिअर मोजून जातो, काही दिवसांनी मोठे साहेब फेरतपासणी करतात आणि मग खांब पाडतात. कामावर त्या खांबाला साक्षीदार म्हणत.

तर फौजदाराची सून त्या वेळी नवीनच कामावर यायला लागली होती. पोरगी गुणी, पण हात सुई-दोऱ्याचे. दोन दिवसांत तळव्यांना फोड आले आणि तिचा खड्डा सगळ्यांत उथळ राहिला. बायका कुजबुजू लागल्या, "सासू मुकादम असल्यावर घाम कशाला गाळायचा!" फौजदाराच्या कानावर ते आलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जिने कचेरी हलवली तिच्या सुनेला नावं ठेवतात म्हणजे काय!

मोजणीच्या दिवशी बायका जेवायला बांधावर गेल्या तेव्हा ती खाली उतरली. सुनेच्या खांबावर थोडी उंची चढवायची होती, पण साधी माती टाकली तर लगेच कळणार. गवताची चकतीच हवी. आजूबाजूचं गवत तर तुडवून केव्हाच मेलेलं. गवत उरलं होतं ते फक्त खांबांच्या डोक्यांवर. शेजारचाच खड्डा थोरलीचा, सगळ्यांत खोल. 'त्यांना काय, वीतभर गेली तरी भरपूर उरतं,' असं म्हणून तिने थोरलीच्या खांबाचं डोकं फावड्याने अलगद कापलं आणि सुनेच्या खांबावर नेऊन बसवलं. थोरलीच्या बोडक्या खांबावर काड्या-कचरा दाबला.

"आई, हे काय?" मागून सुनेने विचारलं.

"काही नाही. पाणी पी आणि गप्प बस."

इंजिनिअर आला. फौजदाराचं काम म्हटल्यावर त्याने निरखून काही बघितलं नाही. मोजपट्टी लावली आणि मोठ्याने म्हणाला, "वा, सूनबाई! आणि काय हो आजी, तुम्ही यंदा लवकर दमलात?"

सगळे हसले. थोरलीचा मुलगा तिथेच माती वाहत होता. तो हसला नाही. "आई, पुरे आता. उद्यापासून घरी बस," म्हणाला. थोरलीने खांबाकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून थोरली उंबऱ्यावर बसलेली दिसायची. कामावर जाणाऱ्या बायकांना रस्ता द्यायला पाय आत घ्यायची. फौजदार खाली मान घालून पुढे जायची. तिचा आवाज बसला. सावलीत रेंगाळणाऱ्यांना ती काही बोलेना, तेव्हा बायकांना वाटलं हिला ताप आलाय. घरी नवरा सुनेचं कौतुक करायला लागला की सून ताटावरून उठून जायची आणि ही आपलं ताट तसंच झाकून ठेवायची. आपण चोर आहोत, आणि चोरलं ते अशा बाईचं, हे तिचं मन तिला उठता-बसता ऐकवत होतं.

मग निरोप आला, मोठे साहेब उद्या येताहेत. म्हणजे उद्या खांब पडणार. एकदा ते पाडले की कोण कशाला विचारतंय? एक दिवस गप्प बसलं की सुटलो. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. ती तशीच उठून थोरलीच्या दारात गेली.

थोरली तांदूळ निवडत होती. "ये धाकटे. बस."

"जाऊबाई, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय? हात गेले, एवढंच." तिने ताट जरा उजेडाकडे सरकवलं. "आणि डोळे पण. सकाळी तो खांब माझ्या कमरेच्या वर होता गं. जेवून आले तर खाली. आधी वाटलं, कोणी छाटला का काय. पण म्हटलं छे, आमची धाकटी तिथे असताना कोणाची छाती होणार? मलाच दिसत नसणार."

फौजदाराला कुठे तोंड लपवावं कळेना. "उद्या कामावर या," ती कशीबशी म्हणाली.

"कशाला? हसं करून घ्यायला?"

"तुमचं नाही. माझं."

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, इंजिनिअर आला, सगळ्या बायका कडेला उभ्या राहिल्या. थोरली मुलाशेजारी उभी होती. साहेबांनी पट्टी काढली तशी फौजदार सुनेच्या खड्ड्यात उतरली. तिने खांबावरची चकती दोन्ही हातांनी उचलली. डब्याचं झाकण निघावं तशी ती निघाली. ती घेऊन ती थोरलीच्या खांबापाशी गेली, वरचा कचरा झटकला आणि चकती ठेवली. कापलेल्या एका जाड मुळाचं एक पांढरं तोंड खाली खांबात होतं, दुसरं वर चकतीत. दोन्ही बरोबर जुळली.

"मी केलं," ती म्हणाली. "सुनेनं नाही. मोजा आता."

साहेबांनी दोन्ही खड्डे पुन्हा मोजले. थोरलीचा सगळ्यांत खोल निघाला. "मुकादम बदलावा लागेल," ते इंजिनिअरला म्हणाले. "आजचा दिवस यांनाच बघू द्या." थोरलीच्या मुलाने खाली बघत आईच्या हातात कुदळ दिली.

थोरली कुदळ खांद्यावर टाकून समोर आली. फौजदार वाट बघत होती. शिव्या दे, थोबाडीत मार, पण काहीतरी बोल.

"मुकादमबाई," थोरली शांतपणे म्हणाली, "मी कुठे खणायचं ते दाखवा."

फौजदाराने चुना घेतला आणि नवा खड्डा आखायला खाली बसली. रेघ काही सरळ येईना.