विचारल्याशिवाय हलवायचं नाही

ताइफच्या कॅम्पमधून फोन आला तेव्हा मी सौदीतल्या धाहरानच्या आमच्या खोलीत मोबाइल साबणाच्या डबीला टेकवून बेसबॉल बघत होतो, आणि दाऊदभाईंचा लाडका पिचर मार खात होता. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, एवढं मलाही कळतं. पलीकडचा माणूस म्हणाला, "आप दाऊदभाई के रूमवाले ना?" मी म्हटलं, "हां, उनको बोलो, उनका हीरो आज फिर पिट रहा है." तो म्हणाला, "भाई, वो आज फजर की नमाज के लिए उठे ही नहीं." चुकीच्या वेळी चुकीचं बोलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, पण हे फारच झालं.

दाऊदभाई दापोलीकडचे, एसी मेकॅनिक. मी चिपळूणचा, स्टोअरकीपर. कैक वर्षं एका खोलीत काढली. एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यात एसी दुरुस्त करताना समोर टीव्हीवर बेसबॉल चालू होता, तिथंच ह्यांना लागण झाली. साहेब रिटायर होऊन परत गेला तेव्हा आपल्या संघाची निळी टोपी ह्यांना देऊन गेला. संघ असा, की हरायला काही ना काही कारण शोधूनच काढायचा. तिकडची संध्याकाळची मॅच इथं पहाटे दिसते. नमाज उरकून, बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा ग्लास हातात घेऊन कंपनीची बस येईपर्यंत दाऊदभाईंचं प्रवचन चालायचं. पहिल्याच दिवशी मी "ही लगोरीच की, फक्त लगोऱ्या नाहीत" असं म्हणालो, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नव्हते.

खेळापेक्षा त्यांचा जीव खेळाडूंच्या करारांवर. त्या पिचरचा खांदा गेलेला, पण करार अजून शिल्लक. मी म्हणायचो, "काढा की त्याला, नवा पोरगा आणा." ते चिडायचे. "सुध्या, खांदा काय त्यानं घरी बसून झिजवला? आणि त्याच्या मागं मैदानात बघ जरा. दरवर्षी नवी माणसं. कोण कुठं धावणार, हे त्याला ठाऊक नाही. मग हरतो कोण, तो की ज्यानं माणसं बदलली तो?" त्याच्या करारातलं एक कलम तर ते येईल त्याला ऐकवायचे : त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या संघात पाठवता येत नाही. "विचारावं लागतं रे... आपल्याला काय, फोन येतो. यल्ला, चल, सामान बांध."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. इथला डॉक्टर त्यांना चांगला लागू पडला होता; दर पंधरवड्याला तपासायचा. आणि करार नवा व्हायच्या वेळेलाच ताइफला बदलीची कुणकुण लागली. ताइफ डोंगरावर, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मोठ्या खेळाडूंना एजंट असतो, म्हणून मी स्वतःच एजंट झालो. शर्टाला इस्त्री केली, आरशासमोर इंग्रजी घोकलं. मॅनेजरसमोर उभा राहिलो आणि जे काही पाठ केलं होतं ते सगळं विसरून त्याला बेसबॉल समजावू लागलो. शेवटी दाऊदभाईंनीच मला बाजूला केलं. "साहब, मेरा डॉक्टर इधर है. बस इतना लिख दो, बिना पूछे नहीं हिलाएंगे." मॅनेजर हसला, वाईट माणूस नव्हे तो. म्हणाला, "डॉक्टर उधर भी हैं. ठीक है, पूछ रहा हूं. ताइफ जाओगे?"

करार कंपनीच्या हातात, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, तोही कंपनीच्या हातात. माणूस काय बोलणार... "जी साहब."

बाहेर आल्यावर म्हणाले, "विचारलं मात्र हं त्यानं." आणि आम्ही दोघं जिन्यात बसून वेड्यासारखे हसलो. तसं हसणं परमेश्वर वैऱ्याला न देवो.

जाताना त्यांनी निळी टोपी आपल्या खाटेच्या खांबावर अडकवली, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी. "जागा धरून ठेव. पिचर रिटायर व्हायच्या आत येतो." मग रोज पहाटे तिथून फोन. स्कोअर सांगता सांगता मध्येच थांबायचे. "जिना चढलो की धाप लागते रे इथं..." मी म्हणायचो, "पिचरला बोलवा सामान उचलायला." दुसरं काही सुचायचंच नाही. सुचून तरी काय करणार होतो?

त्यांना ताइफलाच दफन केलं. मला रजा मिळेपर्यंत सगळं खलास झालं होतं. त्यांच्या मुलीशी फोनवर बोललो. ती म्हणाली, "काका, अब्बांना इकडे आणता आलं नसतं का?" जिथं जायचं नव्हतं तिथून त्यांना आता कोणीच हलवणार नाही, हे त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, "बाळा, तिथं हवा थंड आहे." एजंटाचं बोलणं हे असं.

परवा ऑफिसनं खोलीत नवा माणूस पाठवला. रायगडकडचा, चाळिशीचा वेल्डर, बिचारा ड्यूटी करून दमून आलेला. त्यानं दाऊदभाईंच्या खाटेवरच्या टोपीकडे हात नेला. "ही काढू का, दादा? पडतो जरा."

मी त्याला माझी खाट दिली. आता मी खाली गादी टाकून झोपतो. पाठ धरते, तो मला वेडा समजतो. पहाटे मोबाइल डबीला टेकवतो. पिचर अजून खेळतोय, मार खातोय. आज तो वेल्डरही उठून बसला, रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाला, "दादा, तुम्ही तरी झोपा की तिच्यावर."

"नाही," मी म्हटलं, "त्यांना विचारलेलं नाही."